मोटार दलाली : सोलापुरातील व्यवहार आणि त्याचा खर्च

मोटार दलाली : वापरलेल्या मोटारीचा मालक व ग्राहक यांची गाठ घालून देणे, भाव ठरवणे आणि गाडी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंतची कामे मार्गी लावणे, यांसाठी मध्यस्थाला मिळणारा मोबदला. व्यवहारात दलालाला ‘एजंट’ आणि दलालीला ‘कमिशन’ असेही म्हणतात. या मोबदल्याचा काही भाग उघड सांगितला जातो, काही भाग गाडीच्या किमतीत मुरलेला असतो आणि काही भाग कर्ज, विमा व परिवहन कार्यालयातील कामे यांच्या वाटेने दलालाकडे पोचतो. यांपैकी पहिला भाग सर्वांत लहान असण्याचाच संभव अधिक. तरीही ग्राहक घासाघीस करतो ती बहुधा त्याच भागावर.

सोलापूरचा बाजार : पुणे–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ वर वसलेले आणि कर्नाटकच्या सीमेलगतचे हे शहर जुन्या गाड्यांच्या व्यापाराला अनुकूल आहे. पुण्याकडच्या, ‘एमएच १२’ व ‘एमएच १४’ क्रमांकाच्या गाड्या येथे विक्रीस येतात आणि येथील ग्राहक केवळ शहरातला नसतो. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा या तालुक्यांतून, धाराशिवकडून, तसेच विजयपूर व कलबुर्गी या कर्नाटकातील जिल्ह्यांतूनही तो येतो. जिल्ह्याच्या नोंदणीचा संकेतांक ‘एमएच १३’ असून अकलूजच्या कार्यालयाला ‘एमएच ४५’ हा स्वतंत्र संकेतांक आहे. मराठीबरोबरच कन्नड व तेलुगू बोलणाऱ्यांच्या या शहरात दोन भाषांत सौदा जुळवता येणे हे दलालाचे खरे भांडवल ठरते. त्याच्यापाशी दुकान असेलच असे नाही. गॅरेजचा मिस्त्री, विम्याचा प्रतिनिधी किंवा आरटीओतील कामे करून देणारा माणूसही हा व्यवसाय जोडीने करतो. पितृपंधरवड्यात सौदे मंदावतात आणि दसऱ्याच्या तोंडावर पुन्हा उचल खातात, ही गोष्ट दलाल व ग्राहक दोघेही हिशेबात धरून चालतात.

दलालीचा दर : मोटार दलालीचा दर ठरवून देणारा कायदा नाही. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा विकणाऱ्याला अडत, म्हणजे तेथील मध्यस्थाची दलाली, कोणी भरायची हे ठाऊक असते, कारण २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद केली. मोटारीच्या बाबतीत असा कोणताही दंडक नसल्यामुळे दर आणि तो देणारा पक्ष हे दोन्ही बोलीवर ठरते. ‘शेकडा एक’ किंवा ‘शेकडा दोन’ असा टक्केवारीचा दर सांगितला जातो. स्वस्त गाडीला टक्केवारी परवडत नाही म्हणून तिच्यासाठी ठोक रक्कम मागितली जाते. एकाच पक्षाकडून घेतलेली ती एकेरी दलाली आणि दोघांकडून घेतलेली ती दुहेरी. दुहेरी दलाली स्वतः बेकायदा नाही, पण ती दोन्ही पक्षांना माहीत असली पाहिजे. विक्रेत्याला जास्तीत जास्त भाव आणि ग्राहकाला कमीत कमी भाव मिळवून देण्याचे वचन एकच माणूस देत असेल, तर त्याची निष्ठा कोणाशी आहे, हा प्रश्न खर्चाच्या हिशेबाआधी विचारावा लागतो.

किमतीतील अंतर : विक्रेता दलालाला ‘माझ्या हातात इतके द्या, वरचे तुमचे’ असे सांगतो, तेव्हा दलाली ठरत नाही; ती मोकळी सोडली जाते. समजा, मालकाला ३,८०,००० रुपये हातात हवे आहेत आणि दलालाने ग्राहकाला तीच गाडी ४,१०,००० रुपयांना सांगून सौदा केला. दोन्ही पक्षांकडून शेकडा एक दराने त्याने ग्राहकाकडून ४,१०० आणि मालकाकडून ३,८०० रुपये उघडपणे घेतले. मधले ३०,००० रुपये धरता त्याची एकूण प्राप्ती ३७,९०० रुपये होते, म्हणजे ग्राहकाने दिलेल्या किमतीच्या सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास. ग्राहकाच्या मते त्याने एक टक्का दलाली दिली आणि मालकाचीही समजूत तीच असते. दोघे एकमेकांशी थेट बोलू नयेत, गाडी पाहताना भावाचा विषय काढू नये, विसार (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) दलालाच्याच हाती द्यावा, असा आग्रह धरला जातो, त्यामागे पुष्कळदा हेच अंतर राखण्याचा हेतू असतो. मालकाने ‘वरचे तुमचे’ असे स्वतःहून कबूल केले असेल, तर त्याला तक्रारीस फारशी जागा उरत नाही. ग्राहकाकडून दलाली घेणाऱ्याने मात्र हे अंतर ग्राहकापासून लपवणे वेगळे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील अभिकर्त्यासंबंधीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या एजंटासंबंधीच्या, तरतुदी येथे लागू पडतात, हे बाजारात सहसा कोणी उच्चारत नाही. कलम २१३ प्रमाणे अभिकर्त्याने मागणी होताच आपल्या मुख्याला, म्हणजे ज्याच्या वतीने तो काम करतो त्याला, हिशेब दिला पाहिजे. मुख्याला न कळवता त्याने स्वतःच्या खात्यावर व्यवहार केला असेल, तर त्यातून झालेला लाभ मागण्याचा हक्क कलम २१६ मुख्याला देते. वेगळा करार नसेल तर सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही (कलम २१९), आणि गैरवर्तन करणारा अभिकर्ता त्या भागापुरता मोबदला गमावतो (कलम २२०). त्यामुळे गाडी दाखवण्यापूर्वीच अर्धी दलाली मागणाऱ्याने तसा करार झाल्याचे दाखवणे आवश्यक आहे. ‘काम पूर्ण’ म्हणजे चावी हाती येणे की नोंदणी प्रमाणपत्रावर नाव चढणे, हे सुरुवातीलाच लिहून घेतल्यास पुढची बहुतेक भांडणे टळतात. दलालीची शेवटची रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवण्याची पद्धत त्याच कारणाने शहाणपणाची आहे.

दलाल आणि विक्रेता व्यापारी : गाडी स्वतः विकत घेऊन नफ्याने विकणारा हा दलाल नव्हे, जरी पाटीवर दोन्ही शब्द एकत्र दिसत असले. व्यापाऱ्याचा नफा हा दलालीचा दर नसतो आणि तो सांगण्याचे बंधनही त्याच्यावर नसते. त्याच्याकडे केवळ किमतीची तुलना करता येते. करही वेगळा पडतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या मोटारीच्या खरेदी व विक्री किमतीतील फरकावर १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. लहान गाड्यांसाठी पूर्वी असलेला १२ टक्क्यांचा दर डिसेंबर २०२४ मधील जीएसटी परिषदेच्या निर्णयानंतर जानेवारी २०२५ पासून राहिला नाही. वरच्या उदाहरणातील ३०,००० रुपयांवर हा कर ५,४०० रुपये होतो. खासगी व्यक्तीने आपली गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकली तर तो लागत नाही. दलालीवरील कराचा विचार निराळा : दलाल नोंदणीकृत असेल तरच तो दलालीच्या रकमेवर १८ टक्के कर आकारू शकतो. नोंदणी क्रमांकाशिवाय ‘जीएसटीसह’ म्हणून वाढवलेली रक्कम ही निव्वळ वाढीव दलाली होय.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी प्राधिकारपत्राची पद्धत आली. हे पत्र पाच वर्षांसाठी असते. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९ सी मध्ये नोंदणी प्राधिकाऱ्याला गेली, की ती पुढे विकली जाईपर्यंत व्यापारी तिचा मानीव, म्हणजे कायद्याने मानलेला, मालक ठरतो. गाडी ताब्यात न घेता केवळ गाठ घालून देणारा दलाल या चौकटीच्या बाहेरच्या कडेला राहतो, आणि सोलापुरातील छोट्या व्यवहारांत गाठ पडते ती बहुधा त्याच्याशी.

आनुषंगिक खर्च : हस्तांतरणासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात, त्यांनाच बाजारात ‘टीटीओ फॉर्म’ म्हणतात. खासगी मोटारीचे केंद्रीय नोंदणी शुल्क ६०० रुपये आणि हस्तांतरणाचे शुल्क त्याच्या निम्मे, म्हणजे ३०० रुपये आहे. स्मार्ट कार्डाचे २०० रुपये वेगळे, आणि ग्राहक कर्ज काढून गाडी घेत असल्यास बोजा (गाडीवर कर्ज असल्याची नोंद) नोंदवण्याचे १,५०० रुपये. ‘नावावर करण्याचा खर्च’ म्हणून काही हजार रुपये सांगितले जातात, तेव्हा शासकीय पावतीची रक्कम वजा जाता उरलेला आकडा हा कामाचा मेहनताना असतो. तो देण्यात गैर काही नाही. तो शासनाचा म्हणून सांगणे गैर आहे. विक्रेत्याच्या कर्जाचा बोजा उतरवायचा राहिला असेल, तर वित्तसंस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र व नमुना ३५ यांशिवाय पुढे जाता येत नाही. प्रलंबित ई-चलनाची रक्कम कोणी भरायची, हेही विसार देण्याआधी ठरलेले बरे.

कर्ज हा खर्चाचा सर्वांत कमी दिसणारा मार्ग होय. काही दलाल ‘दलाली नको’ म्हणतात, कारण कर्ज मिळवून दिल्याबद्दल वित्तसंस्थेकडून आणि विमा उतरवून दिल्याबद्दल विमा व्यवसायातून त्यांना मोबदला मिळतो. ३,००,००० रुपयांचे चार वर्षांचे कर्ज १३ ऐवजी १४ टक्के व्याजाने घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १५० रुपयांनी व एकूण परतफेड सुमारे ७,२०० रुपयांनी वाढते, म्हणजे वाचलेली दलाली व्याजातून वसूल होऊ शकते. विम्याबाबत, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १५७ नुसार नव्या मालकाने हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. ‘नो क्लेम बोनस’ (भरपाईचा दावा न केल्याबद्दल विमा हप्त्यात मिळणारी सवलत) हा गाडीचा नसून विमाधारकाचा असतो. जुन्या मालकाची ५० टक्क्यांपर्यंतची सवलत ग्राहकाला मिळत नाही आणि ती गृहीत धरून सांगितलेला विम्याचा आकडा चुकीचा ठरतो. गाडी तपासणाऱ्या मिस्त्रीची मजुरी लहान असते, पण तो दलालानेच आणलेला असेल तर त्याचाही वाटा सौद्यात असण्याची शक्यता धरावी लागते.

सीमेपलीकडची गाडी : विजयपूर किंवा कलबुर्गीकडची ‘केए’ क्रमांकाची गाडी सोलापुरात स्वस्त वाटते, कारण किमतीत महाराष्ट्राचा एकरकमी कर मिळवलेला नसतो. अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र आणि वाहनाच्या वयानुसार येथील कर लागतो; कर्नाटकात भरलेल्या कराचा परतावा हे पुन्हा स्वतंत्र काम असते. दलालीची बोली करताना यांपैकी कोणते काम कोणाकडे, हे ठरले नसेल तर प्रत्येक टप्प्यावर नवा आकडा पुढे येतो.

नाव न बदलण्याची किंमत : कोऱ्या फॉर्मवर मालकाची सही घेऊन गाडी हातोहात फिरवण्याचा प्रकार दलालाला सोयीचा असतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या खटल्यात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणी प्रमाणपत्रावर नाव असलेल्या मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. विक्रेत्याच्या दृष्टीने दलालीपेक्षा कितीतरी मोठा असा हा संभाव्य खर्च आहे, आणि सही करताना तो कोणत्याच आकड्यात दिसत नाही.

अन्य देशांतील पद्धत : अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे मोटार दलाल नवी गाडी घेणाऱ्याच्या वतीने विक्रेत्यांशी बोलणी करतो आणि ठोक शुल्क किंवा विक्रेत्याकडून कमिशन घेतो. कॅलिफोर्नियात यासाठी व्यापारी परवान्यावर वेगळी नोंद व लेखी करार लागतो, तर टेक्सासमध्ये नव्या गाडीची अशी दलाली करण्यास मनाई आहे.

तक्रार : दलाली देऊन घेतलेल्या सेवेतील उणिवेबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. सेवेचा मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. अडचण पुराव्याची येते : दलाली बहुधा रोखीने, पावतीशिवाय दिलेली असते. आयकर कायद्याप्रमाणे (१९६१ च्या अधिनियमात कलम २६९ एसटी) एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास मनाई असल्याने गाडीची किंमत तरी बँकेतून जाण्यास भाग पडते. दलालीची रक्कमही त्याच मार्गाने, मालकाच्या रकमेपासून वेगळी आणि ‘दलाली’ अशी नोंद करून पाठवली, तर घेणारा कोण व किती, हे नंतर नाकारता येत नाही.