शीतन मनोऱ्यांची पुनर्बांधणी

औष्णिक वीज केंद्रातील झिजलेले शीतन मनोरे आतून-बाहेरून दुरुस्त करणे किंवा पाडून नव्याने उभारणे. केंद्रात बोलताना मात्र ‘कूलिंग टॉवर’च म्हणतात. मनोऱ्यातून निघतो तो धूर नव्हे, पाण्याची वाफ. आणि मराठवाड्यात ते पाणी धरणाचे असते.

टर्बाइनमधून आलेली वाफ निववून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमध्ये तापलेले पाणी मनोऱ्यात वरून शिंपडतात. ते सुमारे ६ अंश सेल्सिअसने निवायचे, तर त्यातले साधारण १ टक्का पाणी वाफ होऊन जाते. २५० मेगावॉटच्या संचात तासाला जवळपास ३० हजार घनमीटर पाणी फिरते. ते १० अंशांनी थंड केले तर तासाला चार-पाच लाख लिटर उडतात. बीड जिल्ह्यातील परळीचे केंद्र गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून पाणी घेते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी तेथील वीजनिर्मिती पूर्ण थांबवावी लागली. वाफ अटळ आहे, पण वाऱ्यासोबत जाणारे तुषार आणि हौदाची गळती थांबवता येते. पुनर्बांधणीचे खरे मोल इथे आहे.

उंच मनोऱ्याचे काँक्रीटचे कवच कमरेपाशी, म्हणजे सर्वात अरुंद भागात, जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर जाड असते. आतल्या दमट उष्म्याने सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. तपासणारा हातोडीने ठोकत जातो. खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर तेवढा भाग फोडायचा. सळई घासून, लेप देऊन त्यावर दाबाने काँक्रीट फवारतात.

शिंपडलेले पाणी पसरून लवकर निवावे म्हणून आत बसवलेली प्लॅस्टिकची जाळीदार भरण आधी खराब होते. टंचाईत तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवल्याने क्षार दाट होतात, पांढरे थर धरतात आणि वजनाने भरण खचते. जुन्या मनोऱ्यांत ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे सापडले तर ते ओले करून, न फोडता काढावे लागतात. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे, इथे घाई अजिबात चालत नाही.

१ नोव्हेंबर १९६५ रोजी इंग्लंडमधील फेरीब्रिज केंद्राचे आठपैकी तीन मनोरे वाऱ्याने कोसळले. शेजारच्या मनोऱ्यांमुळे वाऱ्याचा मारा बदलतो, हे आराखड्यात पुरेसे धरले नव्हते. पडलेले पुन्हा बांधले, उरलेले मजबूत केले.

काम संपल्यावर पाणी सोडून भरणीखाली उभे राहून पाहतात. सर सगळीकडे सारखी पडली पाहिजे. एखादा पट्टा कोरडा दिसला की वरची तोटी तुंबलेली असते.