पांढरे हातमोजे आणि केशरी जाकीट

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे. तिथे बँगोर शहराजवळ हर्मन नावाचे गाव आहे. १५ नोव्हेंबर १९८८ च्या दुपारी तिथली ३७ वर्षांची एक बाई घरामागच्या अंगणात गेली. वर्षाची जुळी मुले घरात होती. कुटुंब दुसऱ्या राज्यातून येऊन काही महिनेच झाले होते. मागे झाडी, आणि झाडीत हरणाच्या शिकारीचा हंगाम ऐन भरात. बाईच्या हातात पांढरे हातमोजे होते. झाडीतल्या एका शिकाऱ्याने बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पांढरे काहीतरी हललेले पाहिले आणि दोन बार काढले. बाईचा तिथेच जीव गेला.

पांढऱ्याचा संबंध असा, की तिकडच्या हरणाचे नावच पांढऱ्या शेपटीवरून पडले आहे. हरीण बिथरले की शेपटी ताठ उभी करते आणि तिची खालची पांढरी बाजू झेंड्यासारखी हलते. दिवसभर तेच शोधत फिरणाऱ्याला हातमोज्यात शेपटी दिसली. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात; इथे ते भरदिवसा घडले.

पुढचा भाग जास्त अस्वस्थ करणारा आहे. पहिल्या ज्युरीने खटला भरण्यालाच नकार दिला. दुसऱ्या ज्युरीने आरोप ठेवला, पण १९९० मध्ये शिकारी निर्दोष सुटला. दरम्यान गावात आणि वर्तमानपत्रांतून बोलले जात होते ते त्या बाईबद्दल: नोव्हेंबरात अंगावर केशरी का घातले नाही? स्वतःच्या अंगणात! शिकाऱ्यांनी एकमेकांना ओळखावे म्हणून आलेला रंग तीस वर्षांच्या आत इतका अंगवळणी पडला होता, की तो न घालणाऱ्यालाच जाब विचारला जाऊ लागला.

हा रंग तिथवर पोचला कसा, हे सांगायचे तर आधी लाल रंगाकडे जावे लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी शिकाऱ्याचा पोशाख लाल होता. पेन्सिल्वेनियात वुलरिच नावाची १८३० पासूनची लोकरीची गिरणी होती. तिचा लाल-काळ्या मोठ्या चौकड्यांचा जाड कोट इतका चालला, की लोक त्याला थट्टेने ‘पेन्सिल्वेनियाचा टक्सिडो’, म्हणजे तिथला मेजवानीचा सूट, म्हणत. विस्कॉन्सिनसारख्या राज्याने १९४५ मध्ये रंगीत कपड्यांची सक्ती केली ती लालचीच. लाल म्हणजे धोका, लाल म्हणजे थांबा, एवढा सरळ हिशोब. आणि दुपारच्या उन्हात तो बरोबरही होता.

पण हरणाची शिकार भर दुपारी फारशी होत नाही. हरीण चरायला निघते पहाटे आणि सांजेला, आणि नेमका त्याच वेळी लाल रंग दगा देतो. आपल्याकडे दिवेलागणीच्या सुमाराला परसातल्या जास्वंदीकडे पाहा. पाने अजून ओळखू येत असतात, फूल मात्र काळपट पडलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने पहाटेच्या फुलांवरून हेच टिपले. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात, अंधूक प्रकाशात काम करणाऱ्या पेशी पुढे येतात, आणि या दुसऱ्या पेशींना लाल जवळपास दिसतच नाही. म्हणजे लाल कोटातला माणूस सूर्य मावळला की एक काळा, हलणारा ठिपका होऊन बसतो. त्यात युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या साधारण आठांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. शिकारी बहुतेक पुरुषच. त्यातल्या काहींना लाल भर दुपारीही मळकट दिसतो.

पिवळा करून पाहावा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडचे अर्धे रान पिवळे झालेले असते. शिवाय फिकट पिवळा धुक्यात पांढरा भासतो, आणि पांढऱ्याचे काय होते ते वर आलेच आहे.

उत्तर शेवटी सापडले ते शिकारीशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन भावांकडून. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी बॉब आणि जो स्वित्झर राहत. वडिलांचे औषधाचे दुकान. १९३३ मध्ये बॉब टोमॅटोचा माल उतरवण्याच्या कामावर असताना पडला, डोक्याला जबर मार बसला आणि नजर अधू झाली. डॉक्टरांनी त्याला महिनोन् महिने अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितले. जोला जादूच्या प्रयोगांचे वेड होते. दोघांनी अतिनील किरणांचा दिवा जमवला आणि वडिलांच्या दुकानात, अंधारात, एकेका बाटलीवर तो धरून काय चमकते ते पाहू लागले. चमकणारी द्रव्ये मिसळून रंग तयार केला, तो जोच्या जादूला उपयोगी पडला. पुढे त्यांनी दिवसाच्या साध्या उजेडातही झळकणारे रंग बनवले. क्लीव्हलँडला कंपनी उभी राहिली. ती पुढे डे-ग्लो या नावाने प्रसिद्ध झाली.

त्या रंगाची करामत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. साधा केशरी रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला केशरी भाग तेवढा परत पाठवतो. झळकणारा केशरी रंग आपल्या डोळ्याला फारसे न जाणवणारे अतिनील आणि निळे किरण गिळतो, आणि तेही केशरी करून बाहेर टाकतो. म्हणून तो दिव्यासारखा पेटलेला वाटतो: पडला त्याहून जास्त केशरी उजेड त्यातून बाहेर येत असतो. संधिप्रकाशात आणि ढगाळ दिवशी उजेडात निळा भाग जास्त असतो. म्हणजे लाल जिथे हरतो तिथेच हा टिकतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने या रंगाच्या कापडी पट्ट्या वापरल्या. जमिनीवरच्या तुकड्या त्या पसरून ठेवत, म्हणजे आपल्याच विमानांनी आपल्यालाच शत्रू समजून बाँब टाकू नयेत. नीट पाहिले तर प्रश्न शिकाऱ्याचाच होता.

१९५९-६० च्या सुमाराला मॅसेच्युसेट्स राज्याच्या मत्स्य व शिकार विभागाने लष्कर आणि अमेरिकन ऑप्टिकल या चष्म्याच्या भिंगांच्या कंपनीला सोबत घेऊन फोर्ट डेव्हन्स या छावणीत रंगांची रीतसर परीक्षा घेतली. वेगवेगळा उजेड, वेगवेगळी पार्श्वभूमी, नीट नजरेची माणसे आणि रंगांधळीही. सगळ्यांत झळकता केशरी पुढे निघाला. रंगांधळ्यांना तो केशरी म्हणून दिसत नसला तरी उजळ म्हणून दिसत होता, आणि तेवढे पुरेसे होते. १९६० च्या दशकात मॅसेच्युसेट्सने सक्ती केली, मग एकेक राज्य मागे आले. विस्कॉन्सिनने लाल सोडून केशरी धरायला १९८० साल उजाडले.

कायद्याची भाषा पाहिली तर गंमत वाटते. कित्येक राज्यांच्या नियमांत रंगाचे नाव पुरत नाही म्हणून त्याची तरंगलांबीच लिहिली आहे: ५९५ ते ६०५ नॅनोमीटर. शिवाय अंगावर किती, तेही चौरस इंचात. पेन्सिल्वेनियात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच, चहूबाजूंनी दिसेल असे. विस्कॉन्सिनात कमरेच्या वरच्या प्रत्येक कपड्याचा निम्मा भाग. नुसती टोपी घालून झुडपामागे बसलात तर टोपीच दिसणार, आणि पाठीमागून येणाऱ्याला छातीवरचा रंग काय कामाचा?

शिकाऱ्यांना हे सहजी पटले असे मुळीच नाही. लाल भोपळ्यासारखे दिसायचे आणि हरणाने आपल्याला मैलावरून पाहून पळायचे, मग रानात जायचेच कशाला, असा सूर होता. याचे उत्तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधनातून आले. भूल दिलेल्या हरणांच्या डोळ्यांवर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून डोळा कशाला दाद देतो ते मोजले गेले. माणसाच्या डोळ्यात रंगाच्या तीन जातींच्या पेशी, हरणाकडे दोनच. एक निळ्याच्या बाजूची, दुसरी हिरव्याच्या. लाल-केशरी टोकाला त्याची नजर कमजोर असते. आपल्याला जे जाकीट आगीसारखे दिसते ते हरणाला रानातल्या इतर करड्या-हिरवटात मिसळलेले दिसते. उलट निळ्या आणि अतिनील टोकाला ते आपल्यापेक्षा चांगले पाहते. त्यामुळे केशरी जाकीट नव्हे, तर कपडे जास्त शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत घातलेली निळसर चमक शिकाऱ्याला उघडी पाडण्याची शक्यता जास्त. निसर्गाने माणसाला दिसेल आणि सावजाला दिसणार नाही असा एक रंग शिल्लक ठेवला होता म्हणायचा.

पक्ष्यांना मात्र हे लागू नाही. रानटी टर्कीला रंग उत्तम दिसतात, म्हणून वसंतातल्या टर्कीच्या शिकारीत अनेक राज्ये केशरीची सक्ती करत नाहीत. शिकारी पानाफुलांच्या रंगाचे कपडे घालून, झाडाला पाठ टेकून, टर्कीचा आवाज काढत बसतो. तो आवाज ऐकून दुसरा शिकारी सरपटत येतो. नर टर्कीचे डोके लाल, पांढरे आणि निळे असते, म्हणून या तीन रंगांचा रुमाल किंवा मोजासुद्धा घालू नका असे तिथल्या शिकार-वर्गात बजावून सांगतात. आवाजावर नेम धरण्याचा धोका आपल्याला नवा नाही. दशरथाने घडा भरल्याचा आवाज ऐकला आणि हत्ती समजून बाण सोडला. जरा नावाच्या व्याधाला कृष्णाचा तळपाय हरणासारखा वाटला. दोन्ही महाकाव्यांना आपल्या मोठ्या मृत्यूंसाठी शिकारीतली गफलतच सापडावी, हे काही उगाच नसेल.

केशरीचा उपयोग किती झाला? न्यूयॉर्क राज्यातल्या १९८९ ते १९९५ च्या शिकार-अपघातांचा आढावा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. हरीण किंवा दुसरे सावज समजून ज्यांच्यावर गोळी झाडली गेली त्यातल्या बहुतेकांच्या अंगावर केशरी नव्हते. गंमत म्हणजे शिकारीचे सुरक्षा-शिक्षण कायद्याने सुरू करण्यात १९४९ मध्ये हेच राज्य पुढे होते, पण रंगाची सक्ती त्याने २०२१ पर्यंत केली नाही.

सगळे श्रेय रंगाला देणे मात्र चूक ठरेल. वर्ग आले, परीक्षा आल्या. नळी कुठे आहे, बोट चापाबाहेर आहे का, लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, हे मुलांना शिकवले जाऊ लागले. आणि रंग असून भागत नाही याचे सर्वांत गाजलेले उदाहरण तर थेट अमेरिकेच्या तेव्हाच्या उपराष्ट्राध्यक्षांचे. ११ फेब्रुवारी २००६ ला दक्षिण टेक्सासात लाव्यांच्या शिकारीत डिक चेनी उडत्या पक्ष्यामागे बंदूक फिरवत वळले आणि ७८ वर्षांच्या सोबत्याच्या तोंडावर, गळ्यावर, छातीवर छरे बसले. सोबती वाचले. त्यांच्या अंगावर केशरी होते. डोळा पक्ष्यावर खिळलेला असला की बाकीचे जग, कितीही झळकते असो, नजरेच्या कडेला जाते. आता तर अनेक राज्यांत बंदुकीपेक्षा झाडावरच्या मचाणावरून पडून जास्त शिकारी जायबंदी होतात. तिथे रंग नाही, कमरेचा पट्टा आणि दोर कामाला येतो.

हर्मनच्या त्या खटल्यानंतर मेनने १९९१ मध्ये जो कायदा केला तो म्हणूनच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चाप ओढण्याआधी जनावराचे डोके आणि धड शिकाऱ्याने स्पष्ट पाहिलेले असले पाहिजे. शेपटीसारखे काही हलले, हे पुरेसे नाही. समोरच्याने काय घातले होते हा प्रश्न मागे पडला आणि तुला काय दिसले हा प्रश्न पुढे आला.

अलीकडचा अध्याय गुलाबी आहे. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनने झळकत्या गुलाबीलाही मान्यता दिली, मागोमाग कोलोरॅडो आणि इतर काहींनी. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या वस्त्रशास्त्रज्ञाने तपासून सांगितले की गुलाबीही तितकाच उठून दिसतो. पानगळीच्या रानात केशरी पाने असतात, गुलाबी नसतात. बायका शिकारीला याव्यात म्हणून ही सोय, असे आमदारांनी म्हटल्यावर काही शिकारी बायकाच चिडल्या. आम्ही रंग पाहून रानात येतो असे वाटले काय, हा त्यांचा सवाल रास्त होता.

हाच केशरी आपल्या ओळखीचा आहे तो रुळांवरून. १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेने ग्लासगोच्या एका भागात रुळांवरच्या कामगारांना झळकती केशरी जाकिटे देऊन पाहिली. कर्जत-कसाऱ्याच्या बाजूला गाडीच्या खिडकीतून दिसणारे गँगमन त्याच घराण्यातले.

आपल्या शिकारीत मात्र तो कधी येणे शक्य नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळपास बंदच झाली, त्यामुळे शिकाऱ्याचा पोशाख, परवाना, वर्ग यातले काही घडायला जागाच उरली नाही. रानडुकराच्या मागे रात्री बंदूक घेऊन जाणे थांबलेले नाही, आणि तिथे पहिली गरज असते ती जंगलाच्या गार्डाला न दिसण्याची. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात, मनोरच्या बाजूला बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांतल्या एकाने डुक्कर समजून गोळी झाडली, ती सोबत्यालाच लागली. शिकार हाच गुन्हा, त्यामुळे बोंब कोण मारणार? सोबत्यांनी मृतदेह झाडीत लपवला. माणूस घरी आला नाही म्हणून तक्रार झाली, आणि मग काही दिवसांनी पोलिसांना तो सापडला.