लिव्हरचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा: थोडी पार्श्वभूमी

लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. आतड्यांकडून येणारी पोर्टल व्हेन जवळपास पाऊण रक्त आणते, हार्टकडून येणारी हेपॅटिक आर्टरी उरलेलं पाव, पण ऑक्सिजनमध्ये दोघींचा वाटा साधारण निम्मा-निम्मा. त्यामुळे एक वाट बंद पडली तरी हार्टमध्ये मरतो तसा लिव्हरचा मोठा तुकडा लगेच मरत नाही. 1908 साली ग्लासगोतल्या एका सर्जनने जखमी लिव्हरचं रक्त थांबवायला दोन्ही वाटा एकदम दाबून धरायची युक्ती छापली. ती आजही वापरतात, बऱ्याच ठिकाणी 15 मिनिटं दाबायचं आणि 5 मिनिटं सोडायचं अशी.

आर्टरी बांधली की कुत्री मरायची, हे प्रयोगांत आधीपासून दिसत होतं. 1949 मध्ये पेनिसिलिन देऊन बघितलं तर कुत्री जगली, म्हणजे जीव घेत होते ते ऑक्सिजन नसलेल्या टिश्यूत माजणारे बॅक्टेरिया. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रयोग सगळ्यात भारी वाटतो.

खरा घोळ 1979 नंतरचा. शॉकनंतर, म्हणजे बीपी पडून अवयवांना रक्त पुरेनासं झाल्यावर, एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी मेल्या की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) एकदम हजारांत जायचं त्याला तेव्हा 'इस्केमिक हेपॅटायटिस' (इस्केमिक म्हणजे रक्त कमी पडून झालेला) म्हणायला लागले. आता हेपॅटायटिस म्हटलं की सूज आली, पण मायक्रोस्कोपखाली सूज जवळजवळ नसतेच, सेंट्रल व्हेनच्या, म्हणजे लिव्हरच्या प्रत्येक छोट्या भागातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेच्या, भोवतालच्या पेशी नुसत्या मेलेल्या असतात, कारण रक्त तिथपर्यंत पोचेतो ऑक्सिजन संपत आलेला असतो. बरं, बीपी पडलं म्हणून हे होतं असं धरून चाललेले, तर 2000 च्या सुमाराला एका अभ्यासात अपघाताचे असे पेशंट घेतले ज्यांचं बीपी बराच वेळ खूप खाली होतं, आणि त्यातल्या एकालाही हे झालं नाही. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या गटात, ज्यांना हे झालं होतं, त्या सगळ्यांना आधीपासून हार्टचा आजार होता, बहुतेकांचं उजवं हार्ट कमजोर. म्हणजे रक्त पुढून कमी येतंय आणि मागे तुंबलंय, जायफळासारखं ठिपकेदार दिसणारं ते तुंबलेलं लिव्हर, त्यावर बीपीचा फटका बसला की पेशी जातात. 2003 च्या एका मोठ्या अभ्यासात तर शॉक फक्त निम्म्याच केसेसमध्ये दिसला. मग 'हायपॉक्सिक हेपॅटायटिस' (हायपॉक्सिक म्हणजे ऑक्सिजन कमी पडून झालेला) हे नाव पुढे आलं, 'शॉक लिव्हर' मात्र वॉर्डात अजून चालतंच. माझ्या मते 'शॉक' शब्दाने नुकसानच झालंय, बीपी ठीक दिसलं की लोक हार्टकडे बघायचंच विसरतात.

रिपोर्टचा पॅटर्न मात्र ओळखण्यासारखा आहे. एसजीओटी-एसजीपीटीचे आकडे नॉर्मलच्या 20 पटींच्या वर, एलडीएच हे आणखी एक एन्झाइमही चढलेलं, एक-दोन दिवसांत टोक गाठायचं आणि मूळ कारण आवरलं तर आठवडा-दहा दिवसांत खाली. व्हायरल काविळीत उतरायला आठवडे लागतात. यावर वेगळं औषध असं काही नाही, हार्ट, बीपी, ऑक्सिजन सांभाळायचं एवढंच, आणि पेशंट दगावतो तोही बहुतेक वेळा मूळ आजाराने, लिव्हरमुळे क्वचितच.

ट्रान्सप्लांट सुरू झाल्यावर प्रश्नच बदलला. रक्त बंद असताना होतं ते नुकसान वेगळं आणि रक्त परत सोडल्यावर होतं ते वेगळं, हे तिथे रोज दिसायला लागलं. 80 च्या दशकाच्या शेवटी काढलेलं लिव्हर टिकवायचं नवीन प्रिझर्वेशन सोल्यूशन आलं आणि लिव्हर बर्फात बरेच जास्त तास टिकायला लागलं, आता तर मशीनवर लिव्हरमधून रक्त फिरवत ठेवतात. पित्तनलिका मात्र अजून नाजूकच, त्यांना रक्त मुख्यतः आर्टरीचंच, त्यामुळे ट्रान्सप्लांटनंतर आर्टरीत गुठळी झाली तर बाकी लिव्हर पोर्टल व्हेनवर कसंबसं तग धरतं आणि नलिका सडत जातात.