बारा व्होल्टच्या झेनरमध्ये झेनर किती?

झेनर डायोड म्हणजे उलटा जोडला की ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा इलेक्ट्रॉनिक भाग. पण दुकानातून १२ व्होल्टचा झेनर डायोड आणला, तर ज्या परिणामाला भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स झेनर यांचं नाव आहे तो त्यात जवळपास नसतोच.

झेनर यांचा १९३४ चा शोधनिबंध विद्युतरोधक घन पदार्थांवर होता. ते तेव्हा इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला होते. अतितीव्र विद्युतक्षेत्रात रोधक पदार्थ एकाएकी वीज का वाहू लागतो, हा त्यांचा प्रश्न. उत्तर क्वांटम सिद्धांतातून आलं: पुरेशी ऊर्जा नसतानाही इलेक्ट्रॉन ऊर्जेचा अडसर भेदून पलीकडे जाऊ शकतो. पॉवर सप्लायचा यात मागमूस नव्हता. ज्यावर डायोड बनतो त्या पी-एन जोडाचा, म्हणजे दोन प्रकारच्या अर्धवाहकांच्या सांध्याचा, शोधही अजून लागायचा होता.

त्या काळी व्होल्टेज स्थिर ठेवायचं काम वायू भरलेल्या नळ्या करत. पुढच्या काळातली ०ए२ ही नळी १५० व्होल्ट धरून ठेवायची. पण ती पेटायला त्याहून जास्त व्होल्टेज लागे आणि ६-९ व्होल्टसाठी अशी नळी निरुपयोगीच. ट्रान्झिस्टरला नेमकं तेवढंच हवं होतं.

१९५१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मॅकॲफी, रायडर, शॉकली आणि स्पार्क्स यांना जर्मेनियम या अर्धवाहकाच्या पी-एन जोडावर उलट दिशेचं व्होल्टेज वाढवताना एका टप्प्यावर प्रवाह झपकन वाढलेला दिसला. त्यांनी त्याचा संबंध झेनर यांच्या सिद्धांताशी जोडला आणि नाव चिकटलं. दोनच वर्षांनी मॅके आणि मॅकॲफी यांनी दाखवलं, की अशा जोडांत वेगवान इलेक्ट्रॉन धडका देऊन नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतात, ते आणखी धडकतात आणि लोंढा वाढत जातो. हा ॲव्हलांच, म्हणजे हिमलोटासारखा, परिणाम. नाव मात्र बदललं नाही. विद्यार्थ्यांना हे सांगायलाच हवं, कारण व्यवहारातला फरक इथूनच येतो.

साधारण ५ व्होल्टखाली झेनर परिणाम, ६ च्या वर ॲव्हलांच, मध्ये दोन्ही. तापमान वाढलं की पहिल्यात व्होल्टेज उतरतं, दुसऱ्यात चढतं. ५.६ व्होल्टच्या आसपास दोन्ही एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. म्हणून स्थिरता हवी असेल तिथे याच भागातले झेनर निवडले जातात.

सर्किट साधं: एक रेझिस्टर, आणि लोडला (ज्या उपकरणाला वीज द्यायची त्याला) समांतर उलटा जोडलेला झेनर. १२ व्होल्टवरून ५.१ मिळवायचे आणि ३३० ओहमचा रेझिस्टर लावला, तर सुमारे २१ मिलिअँपिअर प्रवाह येतो. लोड काढला की तो सगळा झेनरमधून जातो आणि त्याची उष्णता होते. मोठ्या लोडला हे परवडत नाही, म्हणून झेनर ट्रान्झिस्टरच्या बेसवर (त्याचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या टोकावर) गेला, पुढे ७२३ सारख्या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीच्या (चिपच्या) पोटात. १९६९ च्या सुमारास आयसी रचनाकार बॉब विडलर यांच्या एलएम१०९ या आयसीने मात्र झेनरऐवजी बँडगॅप संदर्भ वापरला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्याच गुणधर्मांतून स्थिर व्होल्टेज मिळवलं.

तरी अत्यंत अचूक मल्टिमीटरमध्ये आजही झेनरच असतो, एलटीझेड१००० या आयसीतल्यासारखा. त्यात जोड सिलिकॉनच्या पृष्ठभागाखाली पुरलेला असतो, म्हणजे पृष्ठभागावरच्या दोषांचा गोंगाट त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो ७ व्होल्टच्या आसपास चालतो, म्हणजे तोही मुख्यतः ॲव्हलांचच.