‘औषधविरहित’ म्हणजे नक्की काय? नॉर्वेच्या सॅमनमधल्या उवांची पार्श्वभूमी

सॅमन माशांच्या अंगावर चिकटणाऱ्या उवा काढायच्या काही पद्धतींना नॉर्वेत ‘औषधविरहित’ म्हणतात, तो शब्द कितपत खरा ते बघू. आधी एक घोळ मिटवून टाकू. आपल्याकडे रोहू-कटल्याच्या तळ्यात जी चपटी ऊ दिसते ती आर्ग्युलस. नॉर्वेच्या फ्योर्डमधली (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांतली) सॅमनची ऊ वेगळी, ती खाऱ्या पाण्यातच टिकते. इथे तिच्याबद्दलच.

जुना काळ थोडक्यात. 1970 च्या आसपास पिंजऱ्यातली सॅमनशेती जमली आणि उवा मागोमाग आल्याच. मग औषधं, आधी शेतातल्या कीटकनाशकांच्याच कुळातली ऑर्गॅनोफॉस्फेट, 90 च्या दशकात पायरेथ्रॉइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची अंघोळ, 2000 च्या सुमारास खाद्यात मिसळून द्यायचं एमामेक्टिन. दरवेळी तेच, काही वर्षं झकास आणि मग उवा सरावल्या. गंमत म्हणजे उवा वेचून खाणारे रॅस मासे पिंजऱ्यात सोडायचे प्रयोग 80 च्या दशकाच्या शेवटीच झाले होते, पण औषध सोपं पडायचं म्हणून ते बाजूला राहिले आणि एमामेक्टिन फसायला लागल्यावर पुन्हा आठवले.

खरी उलथापालथ 2015 नंतरची. नियम असा की एका माशामागे सरासरी 0.5 पेक्षा जास्त पूर्ण वाढलेल्या उवांच्या माद्या नकोत, आणि वसंतात जंगली सॅमनची पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा काही आठवडे 0.2 च, म्हणजे शंभर माशांमागे वीस. त्यात 2017 ला ट्रॅफिक लाइट आला, किनाऱ्याचे 13 भाग पाडले आणि उवांमुळे जंगली पिल्लं किती मरतात त्यावर हिरवा-पिवळा-लाल. हिरवा मिळाला तर उत्पादन वाढवता येतं, लाल असेल तर कमी करायला लागू शकतं. औषध चालत नाही आणि मर्यादा तर पाळायलाच हवी, मग उरलं काय, मशीन.

आणि इथेच तो शब्द घुसला, ‘औषधविरहित’. ऐकताना वाटतं सौम्य, निसर्गाला धरून वगैरे. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चाललेली पद्धत म्हणजे मासे दाटीवाटीने एकत्र आणायचे, पंपाने ओढायचे आणि 28 ते 34 अंशांच्या पाण्यातून अर्धा मिनिटभर काढायचे. एरवी 8-10 अंशात राहणारा मासा हो! हायड्रोजन पेरॉक्साइड औषधात मोजतात, पण गरम पाणी मात्र औषधविरहित. 2017 पर्यंत अशा मशीनवाल्या उपचारांची संख्या औषधांच्या पुढे गेली आणि औषधांचा आलेख खाली आला म्हणून कौतुकही झालं. मला तरी हे कौतुक जरा घाईचं वाटतं.

कारण मग प्रयोगांत दिसलं की 28 अंशांच्या वर सॅमन वेदना झाल्यासारखा वागतो, जोरात पोहतो, टाकीच्या भिंतींवर आपटतो. 2019 ला नियामकांनी सांगितलं की नवी माहिती येऊन चित्र बदललं नाही तर 28 अंशांच्या वरची पद्धत दोन वर्षांत बंद करायची. उद्योगाचं म्हणणं, हे बंद केलं तर पर्याय काय, ब्रश आणि पाण्याच्या फवाऱ्याची मशीन आहेत पण त्यातही दाटी आणि पंप आहेच. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. दोन वर्षं उलटून गेली आणि पद्धत सुरूच राहिली.

ऊ लागूच नये म्हणून जे करतात त्याला मी खरं सौम्य म्हणेन. उवांची पिल्लं बहुतेक वरच्या काही मीटर पाण्यातच असतात, म्हणून पिंजऱ्याभोवती वरच्या भागात 6-10 मीटर ताडपत्रीचा घागरा लावतात. आत प्रवाह कमी, त्यामुळे कधीकधी ऑक्सिजन घसरतो, ती डोकेदुखी आहेच. दुसरं म्हणजे स्नॉर्केल पिंजरा, वरून जाळीचं छत टाकून मासे खाली ठेवायचे आणि मधे एक नळी, कारण सॅमनला पोटातली हवेची पिशवी, जिच्यामुळे तो पाण्यात तरंगून राहतो, ती भरायला वर येऊन हवा गिळावी लागते.

राहिले ते सफाई करणारे मासे. रॅसच्या जोडीला लम्पफिश आला, थंड पाण्यातही खातो म्हणून, आणि तो हॅचरीत वाढवायला लागले. 2019 ला असे 6 कोटींच्या आसपास मासे पिंजऱ्यांत सोडले गेले आणि त्यातले बहुतेक सॅमन बाहेर काढायच्या आतच मेले. हेही औषधविरहितच बरं का. त्यानंतर तो आकडा उतरत गेला आणि आता चर्चा जास्त असते ती कॅमेऱ्याने एकेक ऊ हेरून मारणाऱ्या लेझरची, नाहीतर पूर्ण बुडवलेल्या पिंजऱ्यांची.