स्क्रॅप म्हणजे मुळात खरवड

‘गाडीला पंधरा वर्षं झाली, आता स्क्रॅपला द्यायची’ असं आपण सहज म्हणून जातो. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांचं धोरण आणलं, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली, आणि ‘मोडीत काढणे’ हे आपलं जुनं, ठसठशीत क्रियापद बातम्यांतून मागे पडून तिथे स्क्रॅप येऊन बसला. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालणाऱ्या आज्या होत्या तोवर हा शब्द आपल्याला लागत नव्हता. आता तो लोखंडाला असा चिकटला आहे की त्याचा जन्म स्वयंपाकघरातला, हे चटकन पटत नाही.

त्यासाठी व्हायकिंगांपर्यंत मागे जावं लागतं. डेन्मार्क-नॉर्वेकडचे हे दर्यावर्दी नवव्या शतकात इंग्लंडवर चालून आले, ८६६ साली त्यांनी यॉर्क घेतलं आणि पुढे लुटालूट सोडून बरेचसे तिथेच शेती करून राहिले. शेजार वाढला तसे त्यांचे शब्द इंग्रजीत मुरले. एग, नाईफ, स्काय, स्किन हे सगळे त्यांचे. इतकंच काय, ‘दे’ (they) हे सर्वनामसुद्धा. जुन्या इंग्रजीतला ‘स्क’ मऊ होऊन ‘श’ झाला होता, पाहुण्यांचा मात्र कडकच राहिला. म्हणून शर्ट हा घरचा आणि स्कर्ट बाहेरून आलेला, मूळ दोघांचं एकच. स्क्रॅपमधला ‘स्क’ हाही त्याच पाहुण्यांच्या बोलीचा. त्यांच्याकडे ‘स्क्रापा’ म्हणजे खरवडणे, ओरखडणे. आणि ‘स्क्राप’ म्हणजे खरवडून निघालेलं किडुकमिडुक.

इथे मराठी वाचकाला कोशाची गरजच नाही. दुधाचं पातेलं रिकामं झालं की तळाशी जे करपट-गोड चिकटून राहतं, ते कालथ्याने खरवडायचं आणि जे निघेल ती खरवड. खरवडणे यातून खरवड, स्क्रापा यातून स्क्राप. दोन भाषांचा एकमेकींशी काही व्यवहार झालेला नाही, पण दोघींनी उरलेल्या वस्तूला नाव देताना ती वस्तू न पाहता हाताची क्रिया पाहिली. नुसतं उरलं म्हणजे स्क्रॅप नव्हे. कुणीतरी ते खरवडून, वेचून काढायला हवं.

इंग्रजीत हा शब्द लेखी सापडतो तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेव्हा त्याचा अर्थ एकच: जेवणातलं उरलंसुरलं. त्या काळच्या सरदारी मेजवान्यांत शिळ्या पावाचा जाड काप ताट म्हणून वापरत. त्यावर मांस वाढायचं, रस्सा त्यात मुरायचा, आणि जेवण आटोपलं की ते पावाचे काप आणि उरलेले तुकडे गोळा करून दाराशी थांबलेल्या गोरगरिबांना जायचे. या वाटपासाठी मोठ्या घरांत स्वतंत्र माणूस नेमलेला असे. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये पांडित्य पाजळणाऱ्या दोघांना एक पोर टोला हाणतो, की हे भाषांच्या मेजवानीला गेले आणि तिथून उष्टे तुकडे तेवढे चोरून आले. लगेच दुसरा पुस्ती जोडतो, की हे कधीपासून शब्दांच्या भिक्षेच्या टोपलीवरच जगताहेत. १५९८ साली छापलेल्या या नाटकात स्क्रॅप म्हणजे खरकटं, यात शंकेला जागा नाही.

दारात उभं राहून उष्टं घेण्याची ही रीत आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. फरक एवढाच की आपल्याकडे कुणी घ्यायचं हे जन्मानेच ठरलेलं असे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे तुकडे सोडून द्यायला सांगितलं, ते याच व्यवस्थेवर बोट ठेवून. उरलेल्या अन्नाला नाव कोणतंही असो, देणारा आणि घेणारा यांची उंची त्यात लपत नाही.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात शब्द ताटावरून खाली उतरला. कापडाचा, कागदाचा, बोलण्याचा, कशाचाही लहान तुकडा स्क्रॅप ठरू लागला. एकोणिसाव्या शतकात तर तुकडे जमवायची फॅशनच आली. वर्तमानपत्रांतली कात्रणं, जर्मनीत छापलेली रंगीत चित्रं, वाळलेली फुलं वहीत चिकटवायची, आणि ती वही म्हणजे स्क्रॅपबुक. मार्क ट्वेनला या वहीचा एवढा नाद, की पानांवर आधीच डिंक लावलेल्या, नुसतं ओलं करून चिकटवता येणाऱ्या स्क्रॅपबुकचं पेटंट त्याने १८७३ मध्ये घेतलं.

लोखंडाचा संबंध अठराव्या शतकाच्या अखेरीचा. कारखाने वाढले तशी कापताना उरलेल्या तुकड्यांची, मोडलेल्या यंत्रांची रास वाढली. मात्र या राशीला खरा भाव आला तो १८६५ नंतर. त्या वर्षी फ्रान्समध्ये पिएर-एमिल मार्तँ याने सीमेन्सच्या नव्या पद्धतीच्या भट्टीत कच्च्या लोखंडाबरोबर भंगार वितळवून चांगलं पोलाद काढून दाखवलं. तेव्हापासून भंगार हा पोलादाचा कच्चा माल झाला. आजही जालन्याच्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि बांधकामाच्या सळ्या होऊन बाहेर पडतं. कचरा आणि भंगार यांतला भेद आपल्या सोसायटीच्या दारातही कळतो. कचरा न्यायला पैसे द्यावे लागतात, भंगाराचे मिळतात. माझ्या मते स्क्रॅपचा गाभा हाच आहे. मेजवानीचे तुकडे असोत, कात्रणं असोत की लोखंड, ते घ्यायला खाली कुणीतरी उभं असतं.

एका प्रसिद्ध ठिकाणी मात्र शब्द याच्या उलट वागला. ४ ऑगस्ट १९१४ रोजी बर्लिनमध्ये ब्रिटिश राजदूत एडवर्ड गोशेन जर्मन चान्सेलर बेटमान होलवेग यांना शेवटचं भेटले. जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या होत्या, आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९च्या लंडन तहाने दिली होती. एका कागदाच्या तुकड्यापायी ब्रिटन आपल्याशी युद्ध करणार का, असं चान्सेलर म्हणाल्याचं गोशेननी कळवलं. त्यातला ‘स्क्रॅप ऑफ पेपर’ ब्रिटनने अचूक उचलला आणि तहाखालच्या सह्या-शिक्क्यांसकट सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकांवर छापला. ‘योजना स्क्रॅप केली’ या आजच्या वापरातही तोच तुच्छतेचा सूर आहे. तिथे गोळा करायला मागे काही उरत नाही.

बाचाबाची, मारामारी या अर्थाचा स्क्रॅप वेगळ्या वाटेने आलेला दिसतो. सतराव्या शतकातल्या चोरट्या बोलीत कटकारस्थानाला हा शब्द होता. त्याचा खरकट्याशी संबंध जोडायची गरज नाही.

आपल्याकडे एका पिढीला हा शब्द भंगारातून नव्हे, ऑर्कुटवरून कळला. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या त्या संकेतस्थळावर मित्राच्या पानावर लिहिलेला निरोप म्हणजे स्क्रॅप. ‘स्क्रॅप टाक रे’ हे कॉलेजच्या कट्ट्यावरचं नेहमीचं वाक्य होतं, आणि रोमन लिपीत कसंबसं लिहिलेलं मराठी त्या पानांवर ढिगाने पडलं होतं. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या दारूखान्यात, म्हणजे जहाजं मोडण्याच्या धक्क्यावर, जुन्या ‘विक्रांत’वर गॅसकटर चालू लागले. १९६१ मध्ये नौदलात आलेली आणि १९९७ मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू युद्धनौका पत्र्यापत्र्याने उतरली. २०१६च्या सुरुवातीला बजाजने तिच्या पोलादाचा अंश टाकीत घातलेली मोटारसायकल बाजारात आणली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत ऑर्कुटवरचे आपले जुने स्क्रॅप उतरवून घ्यायची मुभा होती. टाकी पुष्कळांनी हात फिरवून पाहिली. स्क्रॅप मात्र उतरवायचे राहूनच गेले, माझेसुद्धा.