धावण्याचे बूट आणि शर्यतीचा सराव

लांब पल्ल्याच्या शर्यतीतील वेळ कमी करण्यासाठी धावपटू करीत असलेली बुटांची निवड आणि सरावाची आखणी यांचा विचार येथे मुख्यतः सातारा परिसराच्या संदर्भात केला आहे. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासच्या पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरते. तिचा पूर्वार्ध चढाचा व उत्तरार्ध उताराचा असल्यामुळे सपाट रस्त्याचे हिशेब तिला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

खिळ्यांचे बूट प्रथम कोणी बनविले याविषयी एकमत नाही. १८९० च्या दशकात इंग्लंडमधील बोल्टन येथे काम करणारे जोसेफ विल्यम फॉस्टर यांना हे श्रेय देण्याची प्रथा आहे. तथापि नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयातील, लॉर्ड स्पेन्सर यांचा म्हणून ओळखला जाणारा खिळ्यांचा जोड साधारणपणे १८६० ते १८६५ या काळातील मानला जातो. त्यामुळे फॉस्टर यांनी आधीच वापरात असलेल्या प्रकाराला शर्यतीयोग्य रूप दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. महाराष्ट्रात त्यानंतरही दीर्घकाळ अनवाणीच धावले जाई. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा यांनी पुढाकार घेतला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ गेला; त्यातील मॅरेथॉन धावपटू सदाशिव दातार हे साताऱ्याचे असल्याचे सांगितले जाते.

तळव्याखालील फोममध्ये कार्बनची पट्टी बसविलेल्या बुटांचा प्रसार २०१७ पासून झाला. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या, १८ धावपटूंवरील प्रयोगात एकाच वेगाने धावताना सरासरी ४ टक्के ऊर्जा वाचल्याचे आढळले. मात्र ऊर्जेतील बचत म्हणजे वेळेतील तेवढीच घट नव्हे. हा लाभ पट्टीमुळे होतो की फोममुळे, हा वाद अद्याप मिटलेला नाही. पट्टी कापून बुटाचा ताठरपणा घटविल्यावरही ऊर्जेच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही, असे नंतरच्या एका प्रयोगात दिसल्याने फोमच्या बाजूचे पारडे जड वाटते. घाटात धावणाऱ्यांसाठी अधिक महत्त्वाची बाब अशी की, ३ अंशांच्या चढावर किंवा उतारावर ही बचत ३ टक्क्यांहून थोडी कमी भरली, तर सपाटीवर ती ४ टक्क्यांच्या जवळ होती. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि पट्टी एकच, अशी मर्यादा घातली.

पायाच्या कमानीनुसार बूट ठरविण्याची पद्धत दुकानांत रूढ असली, तरी अमेरिकन सैन्यातील मोठ्या चाचण्यांत तिच्यामुळे दुखापती घटल्याचे दिसले नाही. घालून धावताना जो जोड सहज वाटतो तो निवडावा, हे धावण्याच्या यांत्रिकीचे अभ्यासक बेन्नो निग यांचे मत त्यामुळे आज अधिक विश्वासार्ह ठरते. उताराच्या शर्यतीसाठी बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडावी, अन्यथा नखे काळी पडतात. शर्यत पावसाळ्यात असल्याने ओल्या डांबरावर पकड घेणारे रबर पाहणे अगत्याचे आहे. नवा जोड शर्यतीच्या दिवशी प्रथम वापरू नये.

वेळ मुख्यतः सरावाने सुधारते. १९३० च्या दशकात प्रशिक्षक गेर्श्लर व हृदयरोगतज्ज्ञ राइंडेल यांनी जर्मनीत टप्प्याटप्प्याच्या वेगवान धावण्याला हृदयाच्या ठोक्यांचे मोजमाप जोडले, तर त्याच सुमारास स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर यांनी वेग मुक्तपणे बदलत धावण्याची फार्टलेक पद्धत रुजविली. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी मात्र आधी अनेक आठवडे संथ, लांब धावणे, मग टेकड्या आणि शेवटी वेग असा क्रम लावला. यवतेश्वरच्या वाटेला हाच क्रम सर्वांत जुळतो. आठवड्यातील बहुतेक धावणे बोलता येईल इतक्या गतीने, एकदा दम टिकवून ठेवणाऱ्या जलद गतीने आणि एकदा चढावर, अशी आखणी पुरेशी होते.

उताराचा सराव बहुधा दुर्लक्षिला जातो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते व दुखणे एक-दोन दिवसांनी वाढते. एकदा माफक उतार धावल्यावर मात्र पुढील काही आठवडे स्नायू तोच भार कमी इजेने सोसतात. म्हणून शर्यतीपूर्वी दोन-तीन आठवडे आधी, त्याच बुटांनी, घाट उतरून पाहणे उपयुक्त ठरते. सातारा जिल्ह्याच्याच माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची (अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडण्याच्या शर्यतीची) अंतिम फेरी गाठून दहावे स्थान मिळविले; त्यापूर्वी त्या मॅरेथॉन धावत असत.